अंघोळ करता का तुम्ही?

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी अंगणात खाटेवर शेवया वाळत घालत होते. दिवाळी अंकासाठी लेख हवा होता. शिक्षणाने तरुण मुलांना चांगलं वागणं येतं का, हा विषय. मी म्हटलं, "अहो, मी मास्तरीण नाही, नर्स होते. हे एखाद्या हेडमास्तरांना विचारा." त्या हसून म्हणाल्या, "हेडमास्तरांकडे मुलं शिकायला येतात, तुमच्याकडे शिकून येतात. काय येतं ते तुम्हीच सांगा."

बोलणं खरं होतं. माझी सगळी नोकरी वर्ध्याकडच्या एका मोठ्या इस्पितळात गेली. तिथे डॉक्टर तयार होतात. त्यातली बहुतेक वर्षं मी सर्जरीच्या बायकांच्या वॉर्डात होते, शेवटी शेवटी त्या वॉर्डाची इन्चार्ज. बाहेरच्या माणसाला पांढरा कोट दिसला की तो डॉक्टर. आम्हाला कोटाच्या सुरकुत्यांवरून माणूस कळतो. कोट कडक इस्त्रीचा आणि खिसे पुस्तकांनी फुगलेले, म्हणजे विद्यार्थी. त्यावर शाईचे आणि रक्ताचे डाग, म्हणजे इंटर्न. कोट घालूनच झोपून उठलेला दिसला की तो रेसिडेंट. आणि पुन्हा कडक इस्त्री दिसली की समजायचं, मोठे सर आले. या सगळ्या कोटांच्या मधून ट्रे घेऊन वाट काढत मी म्हातारी झाले.

मी लागले तेव्हा काचेच्या सिरिंज होत्या. सकाळी आल्याआल्या त्या उकळायला टाकायच्या. भांड्यात पाण्याबरोबर त्या एकमेकींना लागून किणकिण करायच्या, आणि तो आवाज ऐकला की वॉर्ड जागा व्हायचा. रात्रपाळीची सिस्टर मला एकेका खाटेजवळ नेऊन पेशंट सोपवायची. आम्ही त्याला सोपवणंच म्हणायचो. 'हिला सकाळपासून ताप नाही, हिचा टाका ओला आहे, ही रडते पण कारण सांगत नाही.' हे शेवटचं वाक्य कोणत्याच कागदावर मावत नाही, ते तोंडानेच सांगावं लागतं. आज सिरिंज प्लास्टिकच्या झाल्या, केसपेपर कॉम्प्युटरवर गेला. त्याचं दुःख नाही. पण ती किणकिण अजून कधीकधी कानात वाजते, आणि मी पवनारच्या घरी सकाळी दचकून उठते, की ड्यूटीला उशीर झाला.

दर वर्षी नवी मुलं यायची. केरळची एक डॉक्टर मुलगी आली होती, तिला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडून एकच वाक्य पाठ करून घेतलं, 'दुखून राह्यलं का माय?' आठवडाभर ती तेवढ्या भांडवलावर फिरली. उत्तर तिला कळायचं नाही, पण ते संपेपर्यंत ती खाटेशी उभी राहायची. बाया तिच्यावर जीव टाकायच्या. आणखी एक होता, मोठ्या घरचा, साखरेसारखा गोड. 'काळजी करू नका हं आजी' म्हणत सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा. पण वाईट बातमी सांगायची वेळ आली की त्याला नेमका कुठून तरी फोन यायचा, आणि सांगायचं काम माझ्याकडे यायचं. गोड बोलणं म्हणजे चांगलं वागणं नव्हे, हे मला त्याच्याकडून कळलं.

मूळ गोष्टीकडे जाण्याआधी घरचं थोडं सांगते. मी सेलूची. माझे वडील मजुरी करायचे. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरात शिक्षण या शब्दापेक्षा मोठा शब्द नव्हता. माझा मोठा भाऊ बी.ए. झाला आणि एका कामासाठी गावातल्या एका मोठ्या माणसाच्या ओट्यावर गेला. तिथे खुर्ची होती, त्यावर बसला. घरी निरोप आला, "पोरगा शिकला अन् रीत विसरला." वडील त्या दिवशी एवढे खूश झाले की त्यांनी जिलबी आणली. म्हणून शिकून पोरं बिघडली असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, कोणाची पोरं, आणि कोणापुढे बिघडली? वर बघून वाकणं म्हणजे रीत असेल, तर ती विसरलेलीच बरी. खाली बघून कसं वागता, तेवढंच मी नोकरीभर पाहत आले.

आता डॉक्टर अनिकेतची गोष्ट. नाव बदललं आहे, बाकी काही बदललेलं नाही.

तो पुण्याकडचा. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन आता सर्जरी शिकायला आलेला. हुशार. कामाला कधी मागे नाही. माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्याला 'प्लीज' आणि 'थँक यू'. मोठ्या सरांसाठी दार धरून उभा राहायचा. माझ्या हाताखालच्या पोरी म्हणायच्या, "किती संस्कारी आहे ना!" मलाही तसंच वाटायचं.

त्याच दिवसांत नाचणगावच्या गिरजाबाई वॉर्डात आल्या. साठीच्या पुढच्या, काटक. मालक वारलेले, एकुलता एक मुलगा ट्रकवर, घरी सून रेखा. शेतात निंदायला, म्हणजे तण काढायला, जायच्या. पायाला काहीतरी लागलं आणि तेव्हा कळलंच नाही. शुगर जुनी असली की पायाची जाणीव जाते. चप्पल सुटली, काटा रुतला, तरी माणसाला पत्ता नसतो. दुखत नाही म्हणून दाखवत नाही, आणि दाखवेपर्यंत जखम आत खोल गेलेली असते. गिरजाबाईंच्या अंगठ्याशी मोठी जखम होती आणि तिला वास येत होता. अशा जखमेला रोज धुवावं लागतं, मेलेलं मांस कापून काढावं लागतं, शुगर खाली आणावी लागते. सगळं जमलं तर पाय राहतो. मोठ्या सरांनी पाहून सांगितलं होतं, "एखाददुसरं बोट जाईल. पाय वाचेल."

थंडीचे दिवस होते. मी सकाळी ड्यूटीवर आले तर गिरजाबाई बाथरूमकडून भिंत धरत धरत येत होत्या, केस ओले, ओठ काळेनिळे. जखमेच्या पायाला त्यांनी प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली होती.

मी ओरडले, "मावशी, एवढ्या थंडीत कुठे गेल्या होत्या?"

"आंग धुवाले."

"गरम पाणी मिळालं असतं, थोडं थांबायचं होतं."

"डॉक्टर लवकर येतेत म्हने आज."

त्या दिवशी अनिकेत विद्यार्थ्यांना घेऊन राउंडला आला. दहाबारा मुलंमुली असतील. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होते. एका बाईला उलटीतून रक्त पडत होतं, माझे दोन्ही हात त्यात होते. गिरजाबाईंच्या खाटेशी जे झालं ते मला शेजारच्या खाटेवरच्या बाईने आणि माझ्या स्टाफ नर्सने सांगितलं.

पडदा ओढला नव्हता. पाय उघडला, वास आला, मुलांनी नाकाला रुमाल लावले. एका मुलीला हसू फुटलं. घाबरून फुटतं तसं असेल, पण फुटलं. एकाने मोबाइल काढून पायाचा फोटो घेतला. अनिकेत शिकवत होता, इंग्रजीतून. मधेच मराठीवर आला.

"अंघोळ करता का तुम्ही?" त्याने विचारलं.

उत्तराला तो थांबला नाही.

"रोज करता का? पाय धुता का?" मग मुलांकडे वळून, "ही माणसं किडे पडेपर्यंत घरी बसतात. स्वच्छता म्हणजे काय हेच माहीत नसतं. हिस्टरी घेताना हे विचारायला लाजू नका."

पुढच्या खाटेकडे गेले सगळे.

माझी पेशंट सावरली, तिला आयसीयूत पोचवलं आणि मी परत आले, तेव्हा दुपार झाली होती. गिरजाबाईंची खाट रिकामी होती. चादर घडी करून उशीवर ठेवलेली. इस्पितळाची थाळी घासून, पुसून, लोखंडी कपाटावर पालथी घातलेली. रेखा जेवणाचा डबा आणायला गेली होती. ती आली, रिकामी खाट पाहून खालीच बसली. आम्ही फाटकापर्यंत शोधलं. पानठेल्यावाला म्हणाला, "एक म्हातारी लंगडत बसमध्ये चढली, पुलगावच्या."

नियमाप्रमाणे पेशंट न सांगता गेली असं लिहिलं गेलं. मोठ्या सरांनी गावच्या आशाताईंना फोन करायला लावला. आशाताई जाऊन आल्या आणि मला फोनवर म्हणाल्या, "सिस्टर, बाई येत नाई. दारातूनच हात जोडते. म्हनते, मी घाणेरडी आहो, घरीच मरतो." आमच्याकडे बायाही 'मी मरतो, मी जातो' असंच म्हणतात. फोन ठेवला आणि मी उठले.

मी अनिकेतला चहाच्या खोलीत गाठलं.

"डॉक्टर, तुमची नाचणगावची पेशंट येत नाही म्हणते."

"हो, कळलं. काय करणार सिस्टर? या लोकांना कितीही समजावा."

"तुमच्या बोलण्याने गेली ती."

त्याने कप खाली ठेवला. "मी चुकीचं काय विचारलं? स्वच्छतेची हिस्टरी घ्यावीच लागते. पुस्तकात आहे."

"ती अंघोळ करून बसली होती डॉक्टर. गार पाण्याने. पायाला पिशवी बांधून. तुम्ही येणार म्हणून."

मला वाटलं होतं, त्याला राग येईल, सरांकडे तक्रार करेल. तो तसाच बसून राहिला आणि चहावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आला. "तुमची सुट्टी कधी आहे?"

"उद्या. मी जाणारच आहे तिकडे."

"मी येऊ का?"

मी म्हटलं, "या. पण कोट आणू नका."

पुलगावच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. तो खिडकीतून कापसाची शेतं पाहत होता. पांढरी बोंडं फुटलेली होती, बाया ओटीत कापूस वेचत होत्या. माझ्याकडे वळून म्हणाला, "सिस्टर, आम्हाला पेशंटशी कसं बोलायचं याचा पेपर असतो. खोटा पेशंट बसवतात. नाव विचारायचं, स्वतःचं नाव सांगायचं, परवानगी घ्यायची, पडदा ओढायचा. मला पैकीच्या पैकी होते."

"मग?"

"तिथे परीक्षक बघत होते."

एवढं बोलून तो पुन्हा बाहेर पाहू लागला. मला त्याच्या त्या वाक्याचं नवल वाटलं. स्वतःविषयी इतकं खरं बोलायला माणसाला कधीकधी सगळं आयुष्य लागतं.

पुलगावला उतरून ऑटोने नाचणगावला गेलो. गिरजाबाईंचं घर गल्लीच्या टोकाला. वर टिनाचे पत्रे, भिंती मातीच्या, पण अंगण असं सारवलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. त्या ओसरीत पोत्यावर बसल्या होत्या, पायावर धुतलेलं फडकं. मला पाहून चेहरा उजळला, मागे तो दिसला आणि पदर डोक्यावर पुढे आला. पण पाहुणा दारात आलेला.

"बसा जी," त्या म्हणाल्या. "रेखे, पानी आन."

रेखाने पाणी आणलं. मग चहा ठेवला. गिरजाबाईंनी माझ्या मुलांची चौकशी केली, पवनारच्या नदीला पाणी आहे का विचारलं. त्याच्याकडे पाहिलं नाही, पण चहाचा पहिला कप त्यालाच द्यायला लावला. त्याने तो कप हातात धरूनच सुरुवात केली.

"आजी, सॉरी."

"त्याचं काय एवढं," त्या म्हणाल्या. "बसमंदी पायावर पाय पडला का लोकं म्हनतेतच सॉरी."

मी माझा कप उचलला. हे त्यांचं दोघांचं होतं.

गिरजाबाईच पुढे बोलल्या, जमिनीकडे पाहत. "मी निंदनाले जातो तवा घामानं वास मारतो आंगाले. तसं कोनी म्हटलं असतं त मले काई वाटलं नसतं. पन त्या दिवशी मी पहाटी उठली. नळाचं पानी बरफासारखं होतं. काऊन आंग धुतलं? मोठे शिकलेले पोरं येतेत, त्याईले घान वाटाले नाई पाह्यजे म्हनून. अन् तुमी साऱ्यायपुढं तेच इचारलं. मले खोटं पाडलं असतं त चाललं असतं. तुमी त इचारून उत्तरबी आयकलं नाई."

अनिकेतने हातातला कप खाली ठेवला. 'मी चुकलो' वगैरे तो काही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "आता ऐकतो. सांगा, पायाला काय लागलं होतं?"

आणि त्या सांगू लागल्या. कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी, चप्पल कशी तुटली, सुनेला कळू नये म्हणून हळद कशी भरली. बरंच लांबलं. तो मधे बोलला नाही. फक्त एकदा 'हळद कोरडी की तेलातली' असं विचारलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर करून त्याला नीट पाहिलं.

"पाय पाहू का?" त्याने विचारलं.

दारात शेजारची पोरं जमली होती, दोन बाया डोकावत होत्या. तो उठला, "जरा दार लावतो" म्हणाला आणि दार ओढून घेतलं. ओसरीत अंधार झाला, म्हणून रेखाने मोबाइलचा दिवा धरला. गिरजाबाईंनी फडकं बाजूला केलं.

मी पाहिलं आणि कळलं. अंगठा आणि शेजारची बोटं काळी पडली होती. लाली घोट्याच्या वर चढली होती, पाय हाताला गरम लागत होता. चालत बसमध्ये चढणं, गाडीतले धक्के, औषधाविना गेलेले दिवस. अनिकेतने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी नवा डॉक्टर सिस्टरकडे का पाहतो ते आम्हाला माहीत असतं. सिस्टरने सांगावं असं वाटत असतं. मी नजर दुसरीकडे वळवली.

"आजी," तो म्हणाला, "आता बोटांवर भागणार नाही. पाय काढावा लागेल, घोट्याच्या वरून, कदाचित गुडघ्याखालून. नक्की तिथे गेल्यावर कळेल."

गिरजाबाईंनी बाजूचं फडकं हातात घेतलं.

"घरीच राह्यलो त?"

"तर विष अंगभर जाईल. तुम्ही वाचणार नाही."

"मोठे डॉक्टर कापतीन का तुमी?"

"मोठे सर कापतील. मी त्यांच्यासोबत असेन."

त्या बराच वेळ फडक्याची घडी करत, उलगडत राहिल्या. मग म्हणाल्या, "रेखे, पिशवी भर." आणि त्याला, "पन ते पोरायची जत्रा आनू नोका."

त्याच दिवशी आम्ही त्यांना ऑटोने आणि मग रुग्णवाहिकेने आणलं. ऑपरेशन झालं. पाय गुडघ्याखालून गेला. जीव वाचला. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मोठे सर हातमोजे काढत म्हणाले, "त्या दिवशी राहिली असती तर बोटावर सुटली असती." ते कोणाला उद्देशून म्हणाले नव्हते. अनिकेत शेजारीच उभा होता.

मग ड्रेसिंगचे दिवस सुरू झाले. हे काम इंटर्नचं किंवा आमचं. अनिकेत ते स्वतः करायचा. आधी पडदा, मग विचारणं, मग हात. मला वाटलं, दोनचार दिवस करेल आणि सोडून देईल. त्याने सोडलं नाही. शेजारच्या खाटांवरही तसंच करू लागला, त्यामुळे राउंड लांबू लागला आणि बाकीचे रेसिडेंट कुरकुरू लागले. गिरजाबाई त्याच्याशी थोडंच बोलायच्या. पण तो आला की पदर पुढे यायचा बंद झाला.

अडचण वेगळीच आली. शिकवणाऱ्या इस्पितळात विद्यार्थ्यांना पेशंट दाखवावेच लागतात. मुलं आज पाहणार नाहीत तर उद्या डॉक्टर कशी होणार? अनिकेतने हे गिरजाबाईंना समजावून सांगितलं. आणि म्हणाला, "तुम्ही नाही म्हटलं तर आणणार नाही. दुसरा पेशंट पाहू."

त्यांनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी म्हणाल्या, "येऊ द्या. पन एकेकानं आपलं नाव सांगाव. गाव सांगाव. मंग पाय पाहाव."

तो राउंड मी जन्मात विसरणार नाही. एकेक मुलगा पुढे येऊन नाव सांगू लागला. गिरजाबाई बसल्या होत्या राणीसारख्या, प्रत्येकाला काहीतरी विचारत होत्या. "कोन गाव? शेती हाय का? माय काय करते? जेवन आवडते का इथलं?" एक मुलगा थेट बिहारचा निघाला. त्याला मराठी येईना, यांना हिंदी जेमतेम, तरी दोघांचं लिंबाच्या लोणच्यावर बोलणं जमलं. शिकवणं राहिलं बाजूला. एक मुलगी मागेच उभी होती. सगळ्यांची नावं झाली तरी ती पुढे येईना. शेवटी आली, आणि नाव सांगण्याऐवजी म्हणाली, "आजी, त्या दिवशी मी हसले होते."

"पाह्यलं होतं मी," गिरजाबाई म्हणाल्या. "आता नाव सांग."

तिने नाव सांगितलं. गाव सांगितलं. गिरजाबाई म्हणाल्या, "ये, जवळून पाह्य. लांबून काय समजते?" आणि स्वतः पट्टीचं टोक सोडायला हात पुढे केला. मुलगी खाली वाकली तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी चादरीवर पडलं.

संपादकबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं झालं तर मी एवढंच म्हणेन. शिक्षण चांगल्या वागण्याचे शब्द नक्की शिकवतं. ते शब्द कोणापुढे वापरायचे हे मात्र मुलं आपल्याकडे पाहून ठरवतात. मोठे सर ज्या बाईला नावाने हाक मारतात तिला मुलंही नावाने हाक मारतात. सरांनी खाटेवरून 'सात नंबर' म्हटलं की मुलंही 'सात नंबर'च म्हणतात. त्यात पोरांना एकट्यांना दोष देणं मला कधी पटलं नाही. आणि सगळे अनिकेतसारखे वळतात असंही नाही. कित्येक तसेच पुढे गेले, मोठे झाले, त्यांच्या दवाखान्यांच्या पाट्या आज शहरात झळकतात. त्यांच्याकडून गेलेल्या माणसांना आणायला कोणीच गेलं नाही, याची चुटपुट मला अजून आहे.

जखम भरल्यावर गिरजाबाई घरी गेल्या आणि काही महिन्यांनी नकली पाय बसवायला परत आल्या. पहिल्या दिवशी दोन दांड्यांच्या मधे उभ्या राहिल्या आणि पडल्या. "माया पाय मायंच आयकत नाई," म्हणत स्वतःच हसल्या. मग हळूहळू जमलं. ज्या दिवशी काठी घेऊन चालता आलं त्या दिवशी त्यांनी अनिकेतला बोलावणं धाडलं, "मले बसथांब्यापर्यंत सोडून द्या म्हना."

रेखाने पिशवी घेतली होती, ती त्याने मागून घेतली. मीही निघाले. वॉर्डापासून रस्ता तसा जवळचा, पण त्या दिवशी तो खूप लांब झाला. गिरजाबाई चार पावलं टाकून थांबायच्या, तोही थांबायचा. ओपीडीत त्याची वाट पाहत असतील, फोन वाजत होता. त्याने तो बंद करून खिशात टाकला.

थांब्यावरच्या बाकावर आम्ही बसलो. बस यायला वेळ होता.

तो म्हणाला, "आजी, एक सांगायचं होतं. तुम्ही त्या दिवशी गेल्या नसत्या तर पाय राहिला असता. बोटावर भागलं असतं. आणि तुम्ही माझ्यामुळे गेल्या. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल."

हे बोलायची गरज नव्हती, आणि डॉक्टर माणसाने असं रस्त्यावर बोलू नये, असं मला वाटलं. रेखाने मान खाली घातली.

गिरजाबाई काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून समोरचा रस्ता पाहत होत्या.

"माहीत हाये मले," त्या म्हणाल्या. "घरी आले होते तवाच समजलं होतं, तुमाले शिष्टरकडं पाहताना. म्हनून त इचारलं, कोन कापते. ज्याच्यानं गेला त्यानं तिथं उभं राह्यलं पाह्यजे. तुमी राह्यले."

"माफ केलं का?"

"नाई," त्या सरळ म्हणाल्या. "पाय गेला माया. निंदनाले बसता नाई येत आता. माफ कसं करू?" मग काठीवरून हनुवटी उचलत, "पन तुमाले वाईट मानूस म्हनत नाई मी. गावात कोनी म्हटलं त त्याच्याशी भांडतो."

त्याने मान हलवली.

बस आली. कंडक्टरने दार उघडून धरलं. ती पायरी उंच होती, नेहमीच असते. अनिकेत पटकन पुढे झाला, हात धरायला. गिरजाबाईंनी काठी रेखाकडे दिली, दाराचा दांडा पकडला आणि म्हणाल्या, "राहू द्या जी, मी चढतो."

आधी चांगला पाय वर गेला. मग त्यांनी अंग वर ओढलं, दुसरा पाय पायरीला ठक्कन लागला, आणि त्या आत गेल्या. खिडकीशी जागा मिळाली. तिथून त्यांनी खाली पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली असावीत.

"जेवले का तुमी?"

"नाही अजून."

"मंग जा. जेवून घेजा आधी."

बस सुटली. तो तिथेच उभा राहिला, पुलगावच्या रस्त्याकडे पाहत, हात पँटला पुसत. मग म्हणाला, "चला सिस्टर, मेस बंद होईल," आणि आम्ही दोघं परत फिरलो.